निबंध पाठ करून घेण्याआधी बातमी वाचायला शिकवा

मा. संपादक,
स. न.

सहावी ते आठवीच्या निबंधाच्या वह्या उघडल्या की 'पाणी हेच जीवन' याच वाक्याने सुरू होणारे वर्गभर निबंध सापडतात. फळ्यावर पाच मुद्दे देऊन 'विस्तार करा' म्हटल्यावर दुसरे काय होणार? उरलेले काम गाइड करते. शिष्यवृत्ती परीक्षेत पर्याय निवडायचे असतात, त्यामुळे पालकांनाही लिखाणाची निकड वाटत नाही.

आमचे म्हणणे असे, की निबंधाची तयारी वाचनापासून करावी. आठवड्याला दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेला १५०-२०० शब्दांची एकच बातमी घ्यावी. एकदा मनात वाचायची, मग हातात पेन्सिल घेऊन. पडताळता येईल त्याखाली सरळ रेघ, बातमीदाराच्या मताखाली नागमोडी, पुरावा नाही तिथे प्रश्नचिन्ह. 'केळीचे भाव वधारल्याने शेतकरी सुखावला' हे वाक्य घ्या. क्विंटलमागे किती वाढले? रावेरला की चोपड्याला? बातमीदाराने विचारले कोणाला? आणि सुखावला हे कशावरून? (संपादक महाराज, राग नसावा, अशी वाक्ये वर्गात फार उपयोगी पडतात.) इथे शिक्षकाची घाई नडते. उत्तर आपणच सांगून टाकले की मुले मजकूर सोडून बाईंच्या तोंडाकडे बघू लागतात.

दुसऱ्या तासिकेला लेखन. विषय आवळून द्यावा. 'पाणी' नको; 'आमच्या गल्लीला पाणी किती दिवसांनी येते आणि का' हा चालेल, कारण तो गाइडमध्ये मिळत नाही. सहावीला ६०-७० शब्दांचा एकच परिच्छेद, त्यात एक विधान, दोन कारणे आणि स्वतः पाहिलेले एक उदाहरण. सातवीला दोन परिच्छेद. आठवीला विरुद्ध बाजूही हवी आणि ती त्या बाजूच्या माणसाला मान्य होईल अशी मांडलेली हवी. बरीच मुले विरोधकाला मूर्ख ठरवून मोकळी होतात.

घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना चर्चा आणि कच्चे लेखन अहिराणीत करू द्यावे, पक्के प्रमाण मराठीत. पहिल्याच ओळीपासून शुद्धलेखनाचा धाक घातला की मूल पाठ केलेल्या बिनचूक वाक्यांचा आडोसा घेते.

वर्गात ५० मुले असतील तर दर आठवड्याला सगळ्या वह्या तपासणे कोणालाच जमत नाही. १० नीट तपासाव्यात, पाच आठवड्यांत सर्वांची पाळी येते. बाकीच्या वह्या शेजारच्या मुलाने वाचून तीनच गोष्टी लिहाव्यात: विधान कोणते, कोणते कारण पटले नाही, आणखी काय कळायला हवे होते. पानभर लाल शाई दिसली की मूल फक्त गुण बघते. म्हणून एका वेळी एकच दोष धरावा आणि तोच परिच्छेद पुन्हा लिहून घ्यावा. पुनर्लेखन टाळले तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते, आणि नेमके तेच सर्वांत आधी टाळले जाते.

चांगले परिच्छेद भित्तिपत्रकावर लावावेत. साने गुरुजींनी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले. आपल्याला महिन्याला एक जमायला हरकत नाही.

आपल्याकडून एक मदत हवी. न खपलेले अंक तालुक्याच्या ठिकाणी शाळांना द्यावेत. मात्र एकाच दिवसाचे २५ द्यावेत, २५ दिवसांचा एकेक नको. एका बाकावरच्या दोघांत एक अंक आणि साऱ्या वर्गापुढे एकच बातमी असल्याशिवाय ही तासिका घेता येत नाही.

— मराठी विषयाचे काही शिक्षक, अमळनेर-पारोळा (जि. जळगाव)