राजाचा ड्रेस चकचकीतच कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या जुन्या पोर्ट्रेटवरचा लेख वाचला. होल्बाइन या चित्रकारानं काढलेला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याचे ते भरलेले खांदे, फर, सोन्याचं काम, सगळं भारी लिहिलंय, पण वाचून असं वाटतं की कपड्यातून रुबाब दाखवायची अक्कल तिकडच्यांनाच होती. अहो आपल्या अजिंठ्यात हे दीड हजार वर्षांपूर्वी रंगवून ठेवलंय की, आणि तेही बरोब्बर उलट!

मी जालन्यात टेलरिंग करतो त्यामुळं माझी नजर आधी शिलाईवर जाते. १ आणि १७ नंबरच्या लेणीत नीट बघा, राजघराण्यातल्या लोकांच्या अंगावर बहुतेक करून न शिवलेलं, एकदम पातळ वस्त्र असतं, वर मुकुट, मोत्याच्या माळा, बाजूबंद. आणि पूर्ण बाह्यांचं, शिवलेलं कोण घालतंय तर नोकरचाकर, शिपाई, नाचणारी बाई आणि टोप्या घातलेले परदेशी लोक. गाईड टॉर्च मारून जातकातली (म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांची) गोष्ट सांगतात, कपड्यांवर एक शब्द नाही.

पुढं मोगल आणि दख्खनच्या चित्रांत जामा (बंद बांधून घालायचा लांब, घेरदार अंगरखा) आला म्हणजे शिलाई आली, पण पातळपणाची हौस काही गेली नाही. चित्रकार मलमलीचा जामा असा रंगवतो की आतली रंगीत विजार आरपार दिसते, बाह्या मुद्दाम लांब ठेवून मनगटावर चुन्नट. असं कापड घालून कुणी काम करत नसतं, तेच तर दाखवायचं असतं. बंद कुठल्या काखेत बांधलाय त्यावरून हिंदू की मुसलमान तेही कळतं, हिंदूंचा डावीकडं, मुसलमानांचा उजवीकडं. जहांगीर आजारातून उठला आणि अजमेरच्या ख्वाजांचा आभारी म्हणून १६१४ मध्ये त्यानं कान टोचून मोती घातले, झालं, दरबारी लोकांनीही लगेच कान टोचून घेतले. चमचेगिरी तेव्हाही होतीच.

आणि त्याच जहांगीरला ज्यानं जेरीस आणलं तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, ज्यानं १६१० मध्ये खडकी म्हणजे आपलं संभाजीनगर वसवलं, त्याची चित्रं बघा (एक बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे). साधा पांढरा जामा, कंबरेला पट्टा, तलवार, बस. आजचा पुढारी कडक इस्त्रीचं पांढरं घालून बॅनरवर उभा राहतो ना, तसाच हिशोब. १७९२ मध्ये जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं काढलेल्या चित्रातही दागिन्यांनी मढलेला तो तरुण पेशवा सवाई माधवराव, आणि सगळा कारभार ज्याच्या हातात तो नाना फडणवीस त्या मानानं साधाच.

हे लिहायचं कारण, गॅदरिंगच्या सीझनला शाळांकडून ऑर्डर येते, "राजाचा ड्रेस चकचकीत पाहिजे", मग मखमल, सॅटिन, वर जरीची लेस, पोरगं घामानं बेजार. मी मलमल सुचवली की मॅडम म्हणतात राजा गरीब दिसेल. तेव्हा साहेब एक करा, पुढच्या एखाद्या रविवारी अजिंठ्याचं एक चित्र आणि मलिक अंबरचं एक, रंगीत आणि मोठं छापा. मी कापून दुकानात लावतो, मॅडम आल्या की दाखवायला बरं.

– एक टेलर, जालना