बशीलाही कलादालनात जागा हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडे चिनी मातीची बशी म्हणजे चहा ओतून भुरकण्याची वस्तू. कड उडाली की तिची रवानगी कुंडीखाली होते. तीच बशी उजेडात तिरकी धरून पाहावी, म्हणजे सुमारे बाराशे अंशांच्या भट्टीत वितळलेली झिलई कुठे दाट, तर कुठे विरळ बसली आहे, ते दिसते. पिकासोने १९४७ पासून फ्रान्समधील वालोरी येथे ताटांवर मासे, बैल आणि चेहरे रंगवले व ती ताटे संग्रहालयांत पोहोचली. आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातही इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू जपल्या आहेत (जुने झाले की मान मिळतो, हे खरेच). मात्र आजच्या कुंभारकामाची ताटे शाहू स्मारकाच्या कलादालनात चित्रांच्या बरोबरीने मांडावीत, अशी विनंती आहे.

— एक वाचक, कोल्हापूर