लाइफ जॅकेट अंगावर घालायचं असतं, बोटीत ठेवायचं नसतं

प्रिय सोन्या,

काल व्हिडिओ कॉलवर तू तुमच्या अमेरिकेतल्या मॅडिसनचा तो लेक मेंडोटा दाखवलास ना, सकाळचं धुकं अगदी पाण्यावरून वाफेसारखं निघत होतं, ते मी नंतर परत परत पाहिलं. बाबा म्हणाले काय मस्त राहतोय लेकाचा, खिडकीतून तलाव. मी म्हटलं हो मस्त आहे, पण तुम्ही नीट बघितलंत का, कयाकमध्ये बसलेल्या आपल्या चिरंजीवांच्या अंगात नुसता टी शर्ट होता आणि लाइफ जॅकेट मागे पायाशी पडलं होतं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून हे लिहितेय, मेसेजवर लिहिलं तर तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस.

इकडे ठाण्यात ऑक्टोबर हीट सुरू झालीय. पाऊस गेला आणि दुसऱ्या दिवसापासून घामाच्या धारा. संध्याकाळी आम्ही दोघं तलावपाळीला चक्कर मारतो, कोपिनेश्वरात दर्शन, मग गडकरी रंगायतनच्या समोरच्या कट्ट्यावर बसायचं. बोटी चालूच असतात. तू सातवीत असताना आपण पायडल बोट घेतली होती आठवतं का, मध्येच पायडल अडकलं आणि बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली, तू खिदळत होतास आणि बाबांच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं म्हणून त्यांनी ते मांडीवर धरून ठेवलेलं. शेवटी बोटवाल्या काकांनी दोरी बांधून ओढत आणलं, काठावर सगळी जनता भेळ खात आपली मिरवणूक बघत होती. तेव्हा हसलो आपण. पण तलावपाळीचा मसुंदा तलाव तो, आरडाओरडा केला तर काठावर ऐकू जातो, आणि पाणी कोमट. तुझ्या तळ्याला दुसरा काठ धड दिसत नाही, पंचवीस मीटर खोल आहे आणि आता दिवसेंदिवस गार होत चाललंय.

तुला वाटेल आई उगाच घाबरते, मला पोहता येतं. येतं रे, माहितीये, तीन उन्हाळे मीच तरणतलावाबाहेर टॉवेल धरून उभी होते. पण गार पाण्यात पोहण्याचा प्रश्न नंतर येतो. पाणी साधारण पंधरा डिग्रीच्या खाली गेलं की माणूस पडल्या पडल्या जोरात श्वास आत ओढतो, आपोआप, आपल्या हातात नसतं ते, आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असलं तर संपलंच. पहिलं एक मिनिट तसं धापा टाकण्यात जातं, पुढच्या दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात, मग बोटीवर परत चढता येत नाही की बक्कल लावता येत नाही. म्हणजे पडल्यावर जॅकेट घालू हा विचारच चुकीचा आहे. आणि फसायला होतं ते यामुळे की हवा छान असते, ऊन असतं, वीस डिग्री म्हणजे तुला टी शर्टचंच हवामान. कपडे हवेकडे बघून घालू नकोस, पाण्याकडे बघून घाल.

बरं, दहावीला मीच शिकवलंय तुला, पाण्याचं असंगत आचरण, ते दाखवणारं होपचं उपकरण, चार डिग्रीला पाणी सगळ्यात जड. तेव्हा जांभया देत होतास. आता तोच धडा तुझ्या खिडकीबाहेर चाललाय बघ! उन्हाळाभर वर कोमट थर आणि खाली गार थर, दोघांची भेटच नाही. आता वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं, आणि वारा जोरात वाहिला की अख्खं तळं ढवळून निघतं, वरचा प्राणवायू तळापर्यंत पोचतो. पुढे चार डिग्रीच्या खाली गेलेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं म्हणून बर्फ वरून धरतो आणि मासे खाली जगतात. इतकी वर्षं फळ्यावर काढलं, प्रत्यक्ष एकदाही पाहिलं नाही, त्यामुळे खरं सांगू, मला तुझा थोडा हेवा वाटतो. त्या तळ्याच्या बर्फाच्या नोंदी म्हणे 1850 च्या दशकापासून ठेवल्यात, म्हणजे आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली त्या सुमारापासून.

तू म्हणालास ना की शेजारचे आजोबा लाकडी धक्का सुटा करून काठावर ओढतायत, बर्फाने मोडतो म्हणून. बोटीही आवरतायत. मग तू एकटाच का रे आत जातोस? आता पाण्यावर दुसरी माणसंच कमी, मदतीला कोण येणार. जायचंच तर रूममेटला घेऊन जा, काठाकाठाने जा, आणि पाचच्या आत परत, नोव्हेंबरात तुमच्याकडे सगळी घड्याळं एक तास मागे केली की अंधार केव्हा पडला कळायचंही नाही.

फराळाचं पार्सल सोमवारी टाकतेय. चकल्या या वेळी जरा मऊ पडल्यात, बोलू नकोस काही. आणि जॅकेटचा फोटो पाठव, अंगात घातलेला, बक्कल लावलेला, खुर्चीवर टांगलेला चालणार नाही.

तुझी,
आई