पाच ठिकाणी प्रवेश मिळाला, मग उरलेल्या चार सीटचं काय केलंत?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च-एप्रिल आला की आपल्या पेपरच्या जिल्हा पानावर फोटो यायला लागतात. अमक्यांच्या कन्येला अमेरिकेत पाच विद्यापीठांत प्रवेश, तमक्यांच्या चिरंजीवांची परदेशी झेप, खाली सोसायटीतर्फे सत्कार, शाल-श्रीफळ. छानच वाटतं, आमच्या कॉलेजचं पोरगं असेल तर कात्रण मी पण व्हॉट्सअॅपवर फिरवते. पण त्या "पाच विद्यापीठांत" या दोन शब्दांवर मला जरा बोलायचंय. मी डिग्री कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, दरवर्षी पोरांना रेकमेंडेशन लेटर लिहून देते, त्यामुळे ही भानगड आतून बऱ्यापैकी माहितेय. पाच ठिकाणी मिळालं तरी जायचं एकाच ठिकाणी असतं ना, मग बाकीच्या चार ठिकाणी कधी कळवलं, की कळवलंच नाही, हे बातमीत कधी येत नाही आणि सत्काराला कोणी विचारतही नाही.

आधी अमेरिकेतल्या पीएचडीचं सांगते, कारण बऱ्याच पालकांना वाटतं की ते आपल्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडसारखं काहीतरी असणार. तसं अजिबात नाहीये. अर्ज साधारण डिसेंबरात जातात, प्रत्येक विद्यापीठाला वेगळा, प्रत्येकाची फी वेगळी, डॉलरमधे. एसओपी (मला हे का शिकायचंय, असं स्वतःबद्दलचं निवेदन), तीन शिक्षकांची शिफारसपत्रं, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या मार्कांचा उतारा, इंग्रजीची परीक्षा. जीआरई ही तिकडच्या प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा आता स्टॅटिस्टिक्सच्या बऱ्याच विभागांनी ऐच्छिक केलीय, आणि सप्टेंबर २०२३ पासून ती परीक्षा पण दोन तासांच्या आत संपते, त्यामुळे "जीआरईचा क्लास कुठला लावू" हा प्रश्न पूर्वीइतका मोठा राहिला नाही, त्यापेक्षा रिअल अॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा या गणिताच्या विषयांत काय मार्क आहेत ते बघतात. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत उत्तरं येतात. पीएचडीला घेतलं तर बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी माफ असते आणि वर महिन्याला स्टायपेंड, बदल्यात ज्युनिअर पोरांचे तास घ्यायचे, पेपर तपासायचे. म्हणजे विभाग त्या एका पोरावर पाच-पाच वर्षं पैसे घालणार असतो, म्हणून सीट मोजक्या, कित्येक विभागांत एका वर्षाची पोरं हाताच्या बोटांवर मोजता येतात.

आता विभागाला पण ठाऊक असतं की ज्यांना आपण बोलावलं ते सगळे येणार नाहीत. म्हणून ते सीटपेक्षा जास्त ऑफर देतात आणि मागच्या वर्षांवरून अंदाज बांधतात की यातले किती येतील. (स्टॅटिस्टिक्सवालेच ते, अंदाज बांधणं धंदाच आहे, तरी चुकतो.) फार जास्त ऑफर दिल्या आणि सगळ्यांनी हो म्हटलं तर पैसे पुरत नाहीत, म्हणून बाकीची चांगली पोरं वेटलिस्टवर ठेवतात, आणि ती वेटलिस्ट हलते फक्त एकाच गोष्टीने, कुणीतरी "नाही, मी येत नाही" असं कळवलं तर.

आपल्याकडे जोसासारखं (आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाचं) केंद्रीय कौन्सेलिंग असतं तिथे हे सीट सोडवायचं काम कॉम्प्युटर करतो. गेल आणि शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ मधे याची पद्धत मांडली, पोरांनी पसंतीक्रम द्यायचा, कॉलेजांनी आपला क्रम द्यायचा, आणि फेऱ्या फिरत गेल्या की कुणाच्याही हातात एका वेळी एकच सीट राहते, वरची मिळाली की खालची आपोआप सुटते आणि पुढच्याला जाते. शॅप्लींना २०१२ मधे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हेच काम होतं, गेल तोवर वारले होते. अमेरिकेच्या पीएचडी प्रवेशाला असा कुठलाही मध्यवर्ती कॉम्प्युटर नाही. तिथे तो कॉम्प्युटर म्हणजे आपलं पोरगं आणि त्याचा ईमेल. त्याने मेल टाकला तर सीट सुटली, नाही टाकला तर अडकली. एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची आपली जुनी सवय आहे, इथे फरक एवढाच की एकच माणूस पाच गाड्यांत रुमाल टाकून फलाटावर चहा पीत उभा असतो.

यावर पालकांचं ठरलेलं उत्तर असतं, "मॅडम, १५ एप्रिलपर्यंत वेळ आहे ना, मग घाई कशाला, राहू दे हातात." बरोबर आहे, वेळ आहे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघटनेचा तसा ठराव आहे आणि तिथल्या बऱ्याच मोठ्या विद्यापीठांनी तो मान्य केलाय, की पैशाची मदत असलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही. पोरांवर दबाव येऊ नये, नीट विचार करून ठरवता यावं म्हणून तो नियम आहे. पण जी ऑफर आपण घेणारच नाही असं फेब्रुवारीतच ठरलंय ती १४ एप्रिलपर्यंत धरून ठेवायला तो केलेला नाही. आणि हो, स्वखर्चाच्या एमएसला हा ठराव लागू होत नाही, तिथे तारखा आधीच्या असू शकतात आणि डिपॉझिट भरायला सांगतात, ब्रिटनचं तर सगळंच वेगळं, तेव्हा ऑफर लेटर नीट वाचा, "१५ एप्रिल तर आहेच" असं सगळीकडे धरून चालू नका.

माझं पोरांना सांगणं साधं असतं. कुठल्याही दिवशी हातात एकच ऑफर ठेवायची, फार तर दोन. नवी आली की हातातल्या ऑफरशी ताडून बघायची, स्टायपेंड किती, किती वर्षांची हमी, ते शहर महाग आहे का, आपल्याला आवडतं त्या विषयात काम करणारे दोन-तीन प्राध्यापक तरी आहेत का, आधीची पोरं बाहेर पडून कुठे लागली. जी कमी पडली ती त्याच आठवड्यात सोडायची. यात तुमचं नुकसान शून्य आहे, कारण ब पेक्षा अ चांगली असं एकदा ठरलं की पुढे क येवो नाहीतर ड येवो, ब कडे तुम्ही परत जाणार नसता. अ ने दिलेला शब्द फिरवला तर काय असं लोक विचारतात. २०२५ मधे तिकडे संशोधनाच्या पैशाला कात्री लागली तेव्हा काही ठिकाणी दिलेले प्रवेश मागे घेतल्याच्या बातम्या आल्या, त्यामुळे ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणून तर म्हणते दोन ठेवा. पण पाच?

आमच्या वर्गातल्या एका हुशार कार्ट्याने यावर मला सेक्रेटरी प्रॉब्लेम ऐकवला होता. प्रोबॅबिलिटीतलं प्रसिद्ध कोडं आहे, उमेदवार एकेक करून येतात, नाही म्हटलेला परत मिळत नाही, तर साधारण पहिले ३७ टक्के नुसते बघून सोडायचे आणि मग त्यांच्यापेक्षा सरस दिसेल तो पहिला घ्यायचा. म्हणे मॅडम, मी पहिल्या काही ऑफर सोडूनच देतो. अरे बाबा, त्या कोड्यात हो-नाही जागच्या जागी सांगावं लागतं, इथे आलेली चांगली ऑफर एप्रिलपर्यंत खिशात ठेवता येते, मग ३७ टक्क्यांचा संबंध येतोच कुठे. वर्गात हसलो सगळे, पण निदान तो विचार तरी करत होता.

आता ज्यांना पाच नाही, एकही मिळालं नाही त्यांच्याबद्दल, त्यांचे फोटो कुठे येत नाहीत. नकाराचा मेल दोन परिच्छेदांचा असतो, कारण लिहीत नाहीत, "यंदा अर्ज फार आले" एवढंच. पोरं त्यावरून स्वतःबद्दल काय काय निष्कर्ष काढतात. आठ ठिकाणी अर्ज केला, आठही नकार, म्हणजे मी आठदा नालायक ठरलो. तसं नसतं हो. आठही ठिकाणी एसओपी जवळजवळ तेच गेलं, तीच तीन पत्रं, तीच मार्कशीट. त्यात एखादं पत्र पाट्या टाकल्यासारखं असेल तर त्याचा फटका आठही ठिकाणी बसला. म्हणजे हे आठ वेगवेगळे पुरावे नव्हेत, एकमेकांशी कोरिलेटेड आहेत, पहिल्या पाठात शिकवतो आम्ही हे. आणि याचीच दुसरी बाजू म्हणजे ज्याचा अर्ज जमून आला त्याला सगळीकडूनच बोलावणी येतात. त्याच थोड्या पोरांच्या हातात ऑफरांचा गठ्ठा आणि त्यांच्या मागची पोरं चार-चार वेटलिस्टांवर, असं चित्र दरवर्षी दिसतं. म्हणून सीट सोडण्याचा विषय मला नुसता शिष्टाचाराचा वाटत नाही, एकाने वेळेत मेल टाकला तर दुसऱ्याचं अख्खं वर्ष वाचतं.

पाट्या टाकलेल्या पत्रांचा विषय निघालाच आहे तर आमच्या जमातीला पण दोन शब्द. "पत्र तूच लिहून आण, मी सही करतो" हा प्रकार बंद करा. पोराला स्वतःबद्दल काय लिहायचं कळत नाही, तीनही पत्रांची भाषा एकच होते आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. वेळ नसेल तर नाही म्हणा, पोरगं दुसरीकडे जाईल.

वेटलिस्टवर असाल तर गप्प बसू नका. एप्रिलच्या सुरुवातीला एक छोटा मेल टाकायचा, मला अजून यायचंय, यादी कुठवर सरकलीय सांगता येईल का, बस. रोज रोज टाकायचा नाही. शेवटच्या दोन दिवसांत खूप हालचाल होते, त्यांची १५ तारखेची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे १६ची पहाट, तेव्हा फोन चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत झोपू नका आणि स्पॅम फोल्डर बघत जा. आणखी एक सावधगिरी. काही विभाग "पीएचडी नाही पण आमच्या एमएसला या" असं कळवतात, घरात लगेच पेढे. थांबा जरा. ते बहुतेक वेळा स्वखर्चाचं असतं, कर्जाचा आकडा कधीकधी अर्ध्या कोटीच्या पुढे जातो, आणि तिथून पुढे पीएचडीत घेतीलच याची लेखी हमी नसते. ज्याला झेपतं त्याने जरूर जावं, पण नकाराच्या धक्क्यात त्याच रात्री हो म्हणू नये.

इकडे भारतात पण चित्र फार वेगळं नाही, फक्त तारखा वेगळ्या. जॅम या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर फेब्रुवारीत होतो, ६० प्रश्न, १०० मार्क, त्यावर आयआयटीत एमएस्सी मिळते. तिथे अॅक्सेप्ट अँड फ्रीझ (मिळाली ती सीट पक्की), अॅक्सेप्ट विथ अपग्रेड (घेतो, पण वरची मिळाली तर ती द्या) असे पर्याय असतात, म्हणजे आयआयटी-आयआयटीमधला गुंता कॉम्प्युटर सोडवतो. पण आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची) एमस्टॅट ही स्टॅटिस्टिक्समधली मास्टर्स पदवी त्या यादीत नाही, तिची परीक्षा साधारण मेमधे, सकाळी पर्यायी प्रश्नांचा पेपर, दुपारी लेखी, मग इंटरव्ह्यू, निकाल त्यानंतर. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांच्या विभागांचे प्रवेश आणखी वेगळे. मग होतं काय, पोरगं विद्यापीठात फी भरून ठेवतं, आयआयटीत पण भरतं, आयएसआयचा निकाल आला की तिकडे पळतं आणि मागच्या दोन्ही ठिकाणी कळवायचं राहूनच जातं. पैसे गेले तर गेले म्हणतात. विभागाला ऑगस्टमधे पहिल्या टेस्टला कळतं की हा रोल नंबर येतच नाही, तोवर वेटलिस्टवरची मुलगी बीएड नाहीतर बँकेच्या क्लासला लागलेली असते. रिकाम्या बाकांसमोर शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत, त्यांच्याकडून दरवर्षी हेच ऐकते. प्रवेश मागे घ्यायची लिंक जॅमच्या पोर्टलवर असते, तिची शेवटची तारीख पण दिलेली असते आणि त्या आत केलं तर भरलेल्यातले बरेचसे पैसे परत मिळतात, म्हणजे कळवण्यात तुमचाही फायदाच आहे.

ज्या विद्यापीठांकडे अशी लिंक नाही त्यांनी निदान विभागाचा एक ईमेल प्रवेशाच्या नोटिशीवर ठळक छापावा, एवढं करायला कुठलाही ठराव लागत नाही. आणि संपादक महाराज, आपल्याला एक विनंती. सत्काराचे फोटो छापा, बंद करू नका, पण "पाच विद्यापीठांत प्रवेश" असं कोणी लिहून पाठवलं की आपल्या वार्ताहराने एक फोन करून विचारावं, बाकीच्या चार ठिकाणी कळवलंत का, आणि हो असेल तर तेही बातमीत छापावं. फोटोच्या बाजूला एक चौकट टाकून १५ एप्रिल, जॅमची माघार घ्यायची तारीख, आयएसआयच्या परीक्षेचा दिवस, आपल्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचा दिवस एवढं दिलंत तर मी ते कात्रण आमच्या विभागाच्या नोटीस बोर्डावर लावीन.

आपली,
स्टॅटिस्टिक्सची एक शिक्षिका, सांगली