गणपतीतल्या त्या लावणीविषयी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपतीत एका मंडळाच्या कार्यक्रमात नऊवारी नेसून लावणी करणाऱ्या मुलावर आपल्या वाचकपत्रांत एक पत्र आलं होतं. लिहिणारे निवृत्त शिक्षक असावेत, भाषा तशी होती. ‘ही सगळी मोबाईलची देणगी, सांगलीत असले प्रकार नव्हते’ हे त्यांचं म्हणणं, आणि शेवटी एक प्रश्न: या गे म्हणवणाऱ्या मुलांना नट्यांचं आणि नाचणारणींचं एवढं वेड का? विचारला टोमणा म्हणून असेल, पण प्रश्न चांगला आहे. वय ५३, अविवाहित, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, आणि पत्रात ज्यांना ‘तसले’ म्हटलंय त्यांच्यातला एक, एवढ्या पात्रतेवर मी उत्तर देतो.

आधी त्या मुलाचं. तो गे आहे की नाही हे मला माहीत नाही, पत्रलेखकांनाही नाही. गणपत पाटलांनी मराठी सिनेमात नाच्या उभा केला. घरी बायको-मुलांचा संसार होता, पण लोकांनी पडद्यावरचा माणूसच खरा धरला आणि त्याचा मनस्ताप त्यांना न् घरच्यांना भोगावा लागला. नाचावरून माणसाचं अंतरंग ओळखणारे तेव्हाही चुकले. मी त्या रात्री खुर्च्यांच्या मागे उभा राहून कार्यक्रम पाहिला आहे. पोराची गिरकी सुरेख, पदर मात्र अजून सांभाळता येत नाही. आणि लावणी रेकॉर्डवर लावलेली! मंडळाने डीजेचे चार पैसे वाचवून ढोलकीवाला आणला असता तर बिघडलं नसतं. तक्रार करायचीच तर या गोष्टीची करावी.

सांगलीत असले प्रकार नव्हते म्हणायचं तर या गावाची ओळखच पुसावी लागेल. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सीता कोण झालं होतं? पुरुषच. बालगंधर्वांचं मूळ गाव नागठाणे, आपल्या पलूस तालुक्यातलं. त्यांनी शेला कसा घेतला, नथ कुठली घातली, गजरा कसा माळला हे बघून घरंदाज बायका घरी आरशासमोर तसं करून बघायच्या. म्हणजे पुरुषाने बाईचं रूप घेतलं आणि बायकांनी त्याचं अनुकरण केलं. मास्टर दीनानाथही स्त्रीभूमिका करत, आणि त्यांच्या आशाबाई १९३३ साली सांगलीतच जन्मल्या. या थोरांना मी आमच्या खात्यात ओढत नाही. तसा काही पुरावा नाही, आणि मला त्याची गरजही नाही. लुगडं नेसलेला पुरुष बघायला या मुलखाने तिकीट काढलंय, मान डोलावलीय, एवढंच म्हणतो.

आता वेडाचं.

१९८८ साली माधुरी दीक्षितचं ‘एक दो तीन’ आलं तेव्हा मी कॉलेजात नुकता गेलो होतो. थिएटरात पोरं पडद्यावर नाणी फेकत होती. शेजारचा मित्र तिच्याकडे बघत होता. मी अधूनमधून मित्राकडे बघत होतो, ते असो. पण बाकीचा वेळ माझं लक्ष ती हे सगळं कसं पेलते याकडे होतं. एवढी गर्दी अंगावर येतेय आणि बाईची नजर खाली जात नाही. मला शाळेत शिट्ट्या बसायच्या त्या चालण्यावरून, हात हलवण्यावरून. ‘बायल्या’ ही हाक माझ्या नावाइतकीच ओळखीची होती. शिट्टी आली की मान खाली घालून सायकल दामटायची, एवढंच मला येत होतं. आणि ही बाई शिट्टी वाढली की आणखी एक पाऊल पुढं टाकत होती.

जत्रेतल्या फडात तर हे ढळढळीत दिसायचं. कनातीत पुढं बसलेला एखादा पुढारी वंगाळ बोलला की बाई तिथल्या तिथं त्याला असा जवाब द्यायची की सगळी कनात त्याच्यावर हसायची. वर दौलतजादाही त्याच्याच खिशातून निघायची. रोज हिणवलं जाणाऱ्या पोराला यात काय दिसत असेल? नटून-थटून, ताठ मानेनं, चारचौघांत हिणवणाऱ्याचं तोंड बंद करता येतं, हे त्याला घरात, शाळेत, तालमीत कुणी दाखवलेलं नसतं. बाप, मामा, मास्तर सगळे ‘पुरुषासारखा वाग’ म्हणतात, पण ते स्वतः साहेबासमोर कसे वाकतात हे पोरगं बघत असतंच की.

दुसरी गोष्ट गाण्याची, आणि माझ्या मते खरं मूळ तिथं आहे. प्रेमात पडलेल्या माणसाला गुणगुणायला काहीतरी लागतं. आपल्याकडे पुरुषाचं गाणं बाईसाठी असतं. पुरुषाला ‘राया’, ‘सजणा’ म्हणते ती बाईच. मग मी काय म्हणायचं? रफीसाहेबांचं म्हटलं तर सगळं खोटं वाटायचं. सुलोचना चव्हाणांची लावणी म्हटली की शब्द न् शब्द जागच्या जागी बसायचा. सौदे उरकल्यावर गोदामात पोती मोजताना मी आशाबाईंची गाणी म्हणायचो, हमालांना वाटायचं दिवाणजी आज खुशीत आहेत. मला बाई व्हायचं नव्हतं. (ज्यांना आपण आतून बाईच आहोत असं जाणवतं त्यांची गोष्ट वेगळी, ती त्यांनी सांगावी.) मला पुरुष म्हणूनच पुरुषाला साद घालायची होती, आणि ती साद फक्त बायकांच्या गाण्यांत होती. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. त्यांनी बाईच्या तोंडी किती लावण्या घातल्या! ज्ञानेश्वरांच्या विराण्या, एकनाथांच्या गौळणी कुणाच्या आवाजात आहेत? ‘बायकांसारखं काय बोलता’ असं त्यांना कुणी पत्र लिहून विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अमेरिकेतल्या आमच्या लोकांनी ज्युडी गार्लंडला असंच जवळ केलं. १९३९ च्या एका सिनेमात इंद्रधनुष्यापलीकडच्या जागेचं गाणं म्हणणारी ती पोरगी. स्टुडिओवाल्यांनी कोवळ्या वयात गोळ्यांची सवय लावली, पाच लग्नं झाली, कितीदा कोसळली आणि कितीदा परत उभी राहून गायली. त्या सिनेमात तिचं नाव डोरोथी, त्यावरून ‘डोरोथीचा दोस्त’ ही तिकडच्या गे पुरुषांची आपसातली खूण झाली असं म्हणतात. २२ जून १९६९ रोजी ती ४७ व्या वर्षी लंडनमध्ये वारली. २७ तारखेला न्यूयॉर्कला अंत्यविधी झाला, आणि त्याच रात्री उशिरा तिथल्या स्टोनवॉल या गे लोकांच्या बारवर पोलिसांची धाड पडून लोक पोलिसांवर उलटले. काही जण या दोन गोष्टींची गाठ मारतात, बरेच अभ्यासक ती मानत नाहीत. मलाही ते पटत नाही. पोलिसांच्या जाचाने माणूस चिडायला नटी मरावी लागत नाही.

न्यूयॉर्कच्याच हार्लेममध्ये काळी आणि लॅटिनो पोरं मासिकांतल्या मॉडेलांसारख्या पोझ घेत नाचायची. मॅडोना या अमेरिकन गायिकेने १९९० साली तो नाच आपल्या ‘व्होग’ गाण्यात घेतला आणि मग जगभरची पोरं मॅडोनाची नक्कल करू लागली. बालगंधर्वांच्या शेल्याचीच तऱ्हा. पण नुसतं नाचापुरतं नव्हतं. एड्सच्या माणसाला हात लावायला लोक घाबरत होते तेव्हा, १९८५ साली, हॉलिवूडची नटी एलिझाबेथ टेलर एड्सच्या संशोधनासाठी पैसा उभा करायला पुढं आली. मॅडोनाने १९८९ च्या अल्बममध्ये एड्सची माहिती देणारं पत्रक घातलं. अशा वेळी जी उभी राहते तिला माणसं विसरत नाहीत.

आमच्या मंडळींचंही बोलायला हवं. माझा एक मित्र रेखाची अदा अशी करतो की बघत राहावं. घरच्यांनी लग्न लावून दिलेलं, आणि हाच गडी बायकोला पाहुण्यांपुढं तोंड उघडू देत नाही. रेखाचा मान ठेवणाऱ्याने आधी स्वयंपाकघरात बघावं. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर बोर्डावर नाचताना कळा सुरू झाल्या, मागं जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, हे आमच्यात डोळ्यांत पाणी आणून सांगतात. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं, तरी शेवटचा काळ हलाखीत गेला. २००२ साली त्या गेल्या. फडातल्या आजच्या बायकांना सुपारीतले किती पैसे मिळतात, म्हातारपणी मानधन वेळेवर येतं का, हे विचारणारे आमच्यात फार थोडे. तरुण पोरं मला मोबाईलवर लेडी गागा दाखवतात. गाते छान, पण माझं मन काही तिथं रमत नाही.

नाव छापू नये ही विनंती. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीचे समलिंगी संबंध दंडविधानाच्या कलम ३७७ मधून वगळले, त्यामुळे पोलिसांचं भय नाही. पण पुतणीचं लग्न ठरायचंय आणि मालक जुन्या वळणाचे आहेत. पत्रलेखकांना आणखी काही विचारायचं असेल तर माझा नंबर आपल्याकडे आहे, तो त्यांना जरूर द्यावा. दुपारी सौदे उरकले की मी मोकळाच असतो.

आपला,
एक वाचक, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)