मावशी, भांडणाबद्दल आभार

ती. मावशींना सा. न.

आभाराचं पत्र उघड्यावर का लिहितोय ते तुम्हाला कळेलच. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं, जेवलास का?" म्हणून विषय तोडता. घरी पाठवलं असतं तर ते फ्रिजवरच्या बिलांच्या गठ्ठ्यात जाऊन बसलं असतं. इथे निदान चार लोक वाचतील आणि त्यातला एखादा तुम्हाला फोन करून सांगेल. शिवाय एका जुन्या इंग्रजी अल्बमवरून चाललेलं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, तेव्हा साक्षीदार असलेले बरे.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. २०१८ च्या जूनमध्ये मी ब्रिस्बेनला शिकत होतो. ज्याने कागद न करता खोली दिली होती, त्याने डिपॉझिट ठेवून घेऊन मला बाहेर काढलं. ओळखीच्या ओळखीतून मावशींचा नंबर मिळाला. मूळच्या मिरजेच्या, १९८२ मध्ये नर्स म्हणून इथे आलेल्या, आता निवृत्त. वेस्ट एंडमध्ये खांबांवर उभं असलेलं लाकडी घर, वर पत्रा. त्या घराची खालची खोली मला मिळाली. भाडं किती विचारलं तर म्हणाल्या, "आधी आंघोळ करून ये." ती खोली, पहिले तीन महिने न घेतलेलं भाडं, जिन्यावर ठेवलेली आमटी, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. हे एवढ्यावरच थांबवतो, नाहीतर तुम्ही पुढे वाचणार नाही.

आता रेकॉर्डबद्दल.

मी तेव्हा एका हॉटेलात रात्री भांडी घासायचो आणि दिवसा झोपायचो. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. एका रविवारी तुमच्या सिंकपाशी उभा राहून पातेलं धूत होतो आणि बोटं आपोआप पातेल्यावर चालत होती. सांगलीला वसतिगृहात असताना सहा वर्षं तबला शिकलो, मग सोडला. बोटांनी मात्र सोडला नव्हता. तुम्ही मागून म्हणालात, "मोजता येतं ना तुला? मग हे मोज." आणि कपाटातून एक जुनी एलपी काढून तिची दुसरी बाजू लावलीत. ब्रिस्बेनचाच बँड, द गो-बिट्वीन्स. अल्बम 'बिफोर हॉलीवूड', रफ ट्रेड कंपनी, १९८३.

गिटारचं इंग्रजी गाणं म्हणजे चार-चारचा हिशोब, असं धरून मी बोटं लावली. दुसऱ्याच आवर्तनात सम हातची गेली. तुम्ही सुई उचलून परत सुरुवातीला ठेवलीत. पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी मी पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि मांडीवर नीट मोजलं: पाच, मग दोन, मग चार. अकरा!

"रुद्र ताल आहे हा," मी ओरडलोच. तसा तो रुद्र नाही, विभाग वेगळे, पण मात्रा तेवढ्याच. गुरुजींनी अकरा मात्रा शिकवताना आम्हाला घाम फोडला होता. आणि इथे ब्रिस्बेनची तीन माणसं त्या अकरा मात्रांवर असं काही वाजवत होती, की ऐकणाऱ्याला फक्त एवढंच वाटावं, कुणीतरी घाईत नसलेला पोरगा चालतोय आणि मध्येच एक उडी मारतोय.

ती उडी मला ओळखीची होती. आमचं घर वाळवा तालुक्यातलं. शाळेतून घरी येताना उसाच्या बांधावरून यायचं. चार-पाच पावलं बांधावरून, मग पाट आला की दोन ढांगांत पलीकडे, मग पुन्हा चार पावलं. गाण्याचं नाव 'कॅटल अँड केन'. गुरं आणि ऊस. त्यातही शाळकरी पोरगा उसातून घरी येतो आणि घर पत्र्या-लाकडाचं असतं. शब्द मला पहिल्यांदा नीट कळलेच नव्हते, तुम्ही सांगितलेत. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी कुणाशी सलग तासभर बोललो. बोललो म्हणजे काय, भांडलो.

कारण मी "काय अल्बम आहे!" म्हटल्याबरोबर तुम्ही म्हणालात, "एक गाणं आहे. अल्बम काही नाही."

तिथपासून दर रविवार. सकाळी पोहे, मग नदीकडे फिरायला, आणि गो बिट्वीन ब्रिजवर पोचेपर्यंत आवाज चढलेले. (बँडला जन्मभर हिट गाणं मिळालं नाही, आणि २०१० मध्ये त्यांच्या नावाचा पूल झाला. गाड्यांना टोल आहे, चालणाऱ्यांना फुकट. मावशी म्हणायच्या, "रेकॉर्डला ज्यांनी पैसे दिले नाहीत ते आता भरतायत.")

तुमचे मुद्दे मी प्रामाणिकपणे मांडतो, नंतर तक्रार नको. पहिला मुद्दा बँडच्या दोन गायकांपैकी एक, रॉबर्ट फॉर्स्टर, त्याच्या आवाजाचा. तो गात नाही, भाषण करतो, तेही नाटकात काम मिळालं नाही म्हणून रुसलेल्या माणसासारखं. दुसरा मुद्दा, याच बँडचा १९८८ चा '१६ लव्हर्स लेन' घ्या: चाली गोड, व्हायोलिन, ओबो, सगळं लख्ख. तिथे पोचायला लागलेली शिडी म्हणजे 'बिफोर हॉलीवूड', आणि शिडीची पूजा कोण करतं? तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचला. तुम्ही म्हणालात, "दुर्लक्षित, दुर्लक्षित म्हणून या पोरांबद्दल चाळीस वर्षं लोक लिहितायत. इतकं लक्ष दिल्यावर ते दुर्लक्षित कसले? २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातली सर्वोत्तम तीस गाणी निवडली, त्यात 'कॅटल अँड केन' आहे. पूल आहे. आणखी काय, पालखी काढायची?"

पालखीचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. पालखी निघालीच आहे, त्या एका गाण्याची. बाकीची नऊ गाणी तिच्यामागून अनवाणी चालतायत आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं आणि आहे. बँडचं कौतुक झालं, गाण्याचं झालं; अल्बमचं नाव विचारलं की लोकांचं बोट ८८ सालाकडे जातं.

आणि तो ८८ चा अल्बम सुंदर आहे, मी कधी नाही म्हटलं नाही. पण तो दिवाळीत रंग दिलेल्या घरासारखा आहे. पाहुणे यावेत अशी तयारी आहे त्यात, आणि पाहुणे तरीही आले नाहीत, ही त्याची शोकांतिका. १९८३ चा अल्बम करताना या पोरांनी पाहुण्यांचा विचारच केलेला दिसत नाही. फॉर्स्टर गिटारवर, ग्रँट मक्लेनन बासवर, लिंडी मॉरिसन ड्रमवर. तिघंच. पैसे नाहीत. १९८२ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये निक केव्ह या ऑस्ट्रेलियन गायकाची गिटार उसनी घेऊन मक्लेनननं ते उसाचं गाणं रचलं. आईला आवडावं म्हणून, असं तो सांगायचा. आई क्वीन्सलँडात गुरांच्या मळ्यावर राहायची. त्याच वर्षी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबर्न गावात, जॉन ब्रँड या निर्मात्याबरोबर अल्बम ध्वनिमुद्रित झाला. म्हातारे हवापालटासाठी जातात त्या गारठ्याच्या गावात बसून उसाची धग आठवायची. त्या रेकॉर्डमध्ये जी मोकळी जागा ऐकू येते, दोन वाद्यांच्या मधली, ती मला त्या अंतराची वाटते. तुम्ही म्हणालात, "जागा नाही ती, बजेट नव्हतं." असेल. आमच्या घराला खिडक्या कमी होत्या त्याही बजेटमुळेच, पण दुपारी आत जो गारवा असायचा तो खोटा नव्हता.

फॉर्स्टरच्या आवाजाचं म्हणाल तर तोच माझा मुख्य साक्षीदार आहे. विद्यापीठात नाटकाच्या वर्गात भेटलेली ही दोन पोरं. मक्लेननला तेव्हा वाद्य येत नव्हतं, फॉर्स्टरनं त्याला बास शिकवली. म्हणजे शिष्य पुढे निघून गेलाय आणि गुरू शेजारी उभा राहून बघतोय, असा हा अल्बम आहे. एक मागे वळून बालपण बघतो, दुसरा खोलीत येरझाऱ्या घालतो. 'कॅटल अँड केन'च्या शेवटी फॉर्स्टर येऊन चार ओळी बोलतो, आठवा. गोड आवाजाच्या त्या स्वप्नात एकदम दुसऱ्याच माणसाची आठवण शिरते. हा माणूस बाकीच्या अल्बममध्ये नसता, तर ते गाणंही नुसतं गोड झालं असतं. शंकराच्या देवळात नंदी नको म्हणण्यासारखं आहे तुमचं.

इथे तुम्ही हसलात, पण मुद्दा सोडला नाहीत. सोडायचाच नव्हता तुम्हाला.

एक गोष्ट मी हरलोय, तीही लिहितो. अकरा मात्रा आहेत म्हणून गाणं थोर, असं मी दोन महिने सगळ्यांना ऐकवत होतो. तुम्ही एकदा शांतपणे म्हणालात, "अवघड ताल वाजवला म्हणून टाळ्या घेणारे तबलजी तुला आवडतात का?" नाहीत आवडत. मग पुन्हा ऐकलं तेव्हा लिंडी मॉरिसनचं खरं काम दिसलं. तिला अकरा दाखवायचेच नाहीत. ती शब्दांच्या श्वासामागून चालते. मक्लेननची ओळ जिथे संपते तिथे मात्रा संपतात, बस्. हे ऐकायला मला तुमचा टोमणा लागला. लिंडीबद्दल आणखी लिहायला हवं लोकांनी; दोन गीतकारांच्या गोष्टीत ती नेहमी तिसऱ्या परिच्छेदात येते. हो, माझ्याही.

नशिबाचाही थोडा भाग होताच. १९८३ मध्येच रफ ट्रेडकडे मँचेस्टरचा द स्मिथ्स हा बँड आला आणि कंपनीचं सगळं लक्ष तिकडे गेलं. वर्षभरात गो-बिट्वीन्स दुसऱ्या कंपनीत. पुढची सहा वर्षं हेच, चांगला अल्बम, चांगली परीक्षणं, रिकामा खिसा. १९८९ मध्ये फुटले. २००० मध्ये फॉर्स्टर आणि मक्लेनन पुन्हा एकत्र आले, आणि ६ मे २००६ ला मक्लेनन ब्रिस्बेनमधल्या घरी झोपेतच गेला. ४८ वर्षांचा. त्या संध्याकाळी त्याच्याकडे पार्टी होती, लोक यायचे होते.

ही रेकॉर्ड तुमच्याकडे आली कशी, हे मी पुलावर एकदाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, रात्रपाळीला नर्सेसच्या खोलीत फोर ट्रिपल झेड रेडिओ बारीक आवाजात चालू असायचा, तिथे ऐकली. क्वीन्सलँडात तेव्हा प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) ब्येल्के-पीटरसनचं राज्य, पोलिसांचा जाच, गाणारी-वाजवणारी पोरं गाव सोडून चाललेली. "मी येत होते आणि ही पळत होती." मग सहज सांगावं तसं सांगितलंत, की त्याच वर्षी मिरजेहून तुमचे वडील गेल्याचं पत्र आलं, आणि ते हातात पडलं तेव्हा तिकडे तेरावाही होऊन गेला होता. पुढे लगेच म्हणालात, "पहिली बाजू मात्र मी लावतही नाही. काही नाही तिच्यात."

मी तेव्हा वडिलांबद्दल काही बोललो नाही. पहिल्या बाजूबद्दल भांडलो. माफ करा.

मेलबर्नला नोकरी लागली, मी निघालो, तेव्हा तुम्ही ती एलपी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत कोंबलीत. "तुझाच जीव आहे ना तिच्यावर, ने." इथे आल्यावर मी एक जुना प्लेअर घेतला आणि पहिल्यांदाच रेकॉर्ड दिव्याखाली धरून मऊ फडक्यानं पुसली. झिजलेली जागा दिव्याखाली करडी दिसते, न वाजलेली काळी कुळकुळीत चमकते. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं करडं पडलंय, ते अपेक्षितच होतं. मग उलटवली. पहिली बाजू, पाच गाणी. चार नव्यासारखी.

चौथं करडं आहे. दुसऱ्या बाजूच्या त्या गाण्यापेक्षाही जास्त. 'डस्टी इन हिअर'. ठेका जवळजवळ नाहीच, थोडा पियानो, आणि लहानपणीच वडील गेलेला मक्लेनन बंद खोलीत त्यांच्याशी बोलावं तसं गातो. मी सुई ठेवली तर शब्दांपेक्षा खरखर जास्त.

तुम्हाला फोन लावला होता त्या रात्री. तुम्ही उचललात, मी म्हटलं, "जेवलात का?" तुम्ही हो म्हणालात. मी ठेवून दिला.

डिसेंबरात येतोय. रेकॉर्ड परत आणतो, ती तुमच्या कपाटातलीच आहे. पोहे करा. पहिली बाजू लावू, आणि तुम्हाला हवं तितकं भांडू.

तुमचा,
खालच्या खोलीतला