‘देवाक काळजी’ उंबऱ्यातून नको

महोदय,

श्रावणात आपल्या वाचकपत्रांत एकानं विचारलं होतं, माणूस तळमळत असताना देव कुठं असतो? प्रश्न खोटा नाही. दीड वर्षापूर्वी इस्पितळाच्या पायरीवर बसून मीही तोच विचारला होता. माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून आठवड्याला तीन खेपा डायलिसिस, दर खेपेला चार तास.

भेटायला येणारी माणसं दोन गोष्टी आणतात, आडसर म्हणजे शहाळं, आणि ‘देवाक काळजी’, म्हणजे देवाला आहे काळजी. आडसर मायेनंच आणतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर. अशा रुग्णाच्या हृदयाला ते बाधू शकतं. मग ते मी पितो आणि ती बघत बसते. ‘देवाक काळजी’ बहुधा चपला पायात सरकवताना म्हणतात, म्हणजे विषय मिटला. माझ्या मते हे वाक्य म्हणायचा हक्क आजाऱ्याचा, पाहुण्याचा नव्हे. एक गृहस्थ तर मागच्या जन्माचा हिशेब मांडून गेले. त्यांना मी चहा विचारला नाही.

मी देव मानतो, तो वास्कोच्या सप्ताहामुळे, म्हणजे दर श्रावणात इथं चोवीस तास चालणाऱ्या अखंड भजनामुळे. १८९८ च्या सुमारास इथं साथीनं माणसं जात होती, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदर देवाचं श्रीफळ आणून हे भजन मांडलं. तो दामोदरही मूळचा मडगावचा. पोर्तुगीज अमदानीत ठिकाण सोडून जांबावलीला गेलेला. घर सुटणं म्हणजे काय, हे त्याला आपण सांगायला नको.

या चोवीस तासांत एकटा माणूस कुठवर गाणार? पाळ्या असतात. पुढच्यानं टाळ घेतल्याशिवाय आधीचा उठत नाही. गेली तीसेक वर्षं मी पहाटे तीनच्या पाळीला बसतो. त्या वेळी समोर दोन-चार म्हातारे, पेटीवाला पेंगतो, सूर थोडा उतरतो, पण थांबत नाही. (दिवसा फेरीच्या बाजारात जी गर्दी हिंडते, ती तेव्हा घरी घोरत असते!)

यंदा सकाळी लवकर डायलिसिस होतं. गेलो नाही, कुणाला कळवायचंही राहून गेलं. पावणेतीनला सवयीनं जाग आली. आमच्या घरापर्यंत, बायण्याला, भजन ऐकू येत नाही. तरी तिथं कुणीतरी टाळ धरले असतील, याबद्दल मनात शंकासुद्धा आली नाही, आणि मी पुन्हा झोपलो. कित्येक महिन्यांत तशी झोप लागली नव्हती. चार दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी बाजारात भेटला. म्हणाला, “सर, तुमचे टाळ हांवें घेतिल्ले.” म्हणजे त्यानं घेतले होते. त्या पत्रलेखकाला यापेक्षा वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.

पत्नीला विचारलं तर ती हसते. या आजारात पाणीही बेतानंच प्यायचं, म्हणून दिवसभराचं पाणी ती सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवते. परवा शेजारीण तीर्थ घेऊन आली, तेव्हा तिनं आधी बाटलीतलं चमचाभर पाणी तुळशीत ओतलं आणि मग हात पुढे केला.

– एक निवृत्त शिक्षक, बायणा, वास्को